घारीचा हात

आमच्या काचेच्या कारखान्यात तपासणीला बसणाऱ्या बायकांत तिच्यासारखी नजर कुणाची नाही, म्हणून तिला सगळे घार म्हणतात. हे नाव मी ठेवलं. मला सगळे मिरची म्हणतात आणि ते नाव तिने ठेवलं, त्यामुळे आमची फिट्टंफाट झालेली आहे.

काम सांगायला सोपं आहे. भट्टीतून निघून थंड झालेल्या बाटल्या एका पट्ट्यावरून ओळीने येतात. पट्ट्यामागे दुधी काचेचा उजेडाचा पडदा असतो. आपण स्टुलावर बसायचं आणि उजेडासमोरून जाणारी एकेक बाटली बघायची. काचेत बुडबुडा असेल, खडा असेल, गळ्याला चीर असेल, तर उजव्या हाताने ती उचलून बाजूच्या घसरगुंडीत टाकायची. तिथून ती खाली जाते, तिचा चुरा होतो आणि चुरा परत भट्टीत जातो. चांगल्या बाटल्या पुढे पॅकिंगला. आमच्या बहुतेक बाटल्या औषधाच्या, त्यातही लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाच्या जास्त. सगळ्यात वाईट दोष म्हणजे झोका. बाटलीच्या आत, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, काचेचा केसाएवढा धागा लोंबत राहून जातो. औषध भरताना तो तुटतो आणि औषधात मिसळतो. पुढचं सांगायला नको. डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणजे काय, ते आमच्याकडे येऊन बघावं. आणि ते तेलसुद्धा फार वेळ पुरत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळाने आम्हाला पट्ट्यावरून उठवून पॅकिंगला पाठवतात. नाहीतर डोळे उघडे राहतात आणि दिसत काही नाही.

घारीला झोका लांबून दिसायचा. बाटली समोर यायच्या आधीच तिचा हात उठलेला असायचा. नव्या पोरी विचारायच्या, "तुम्हाला एवढ्या लवकर कसं कळतं?" ती म्हणायची, "मला कुठे कळतं, हाताला कळतं." ते काही खोटं नव्हतं. मी तिच्या शेजारच्या स्टुलावर इतकी वर्षं बसले आहे की तिचा हात मला नुसत्या सावलीवरून ओळखता येतो. म्हणून या हाताची गोष्ट मीच सांगितलेली बरी. दुसरं कुणी सांगेल तर उगाच गोड करून सांगेल.

घार आईबरोबर राहते. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणते, जसे वाळत घातलेले कपडे आत आणायचे राहून जातात. भाऊ आहे, लांबच्या शहरात, चांगल्या नोकरीत. माणूस वाईट नाही, पण उंटावरून शेळ्या हाकतो. आईला फळं देत जा, आईला उन्हात बसवत जा, आणि स्वतःकडेही बघत जा, असं फोनवर सांगतो. फोन ठेवताना म्हणतो, "नाहीच जमत तर आपण तिला त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवू." ती म्हणते, "बघू." आणि चादर बदलायला जाते.

आईला विसरण्याचा आजार आहे. आधी चष्मा विसरायला लागली, मग शेगडी, मग घरचा रस्ता, आणि आता मुलगी. म्हणजे आपल्याला मुलगी आहे हे तिला पक्कं आठवतं. समोर उभी आहे तीच ती, हे आठवत नाही. समोरची बाई कामाला ठेवलेली आहे असं तिला वाटतं.

"ती कधी येणार?" आई विचारते.

"कोण?"

"माझी मुलगी."

"मीच ती, आई."

"तू नव्हेस. ती चांगली आहे."

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. घारही हसली. पण तेच उठल्यापासून निजेपर्यंत ऐकायचं, ताट वाढताना ऐकायचं, अंग पुसताना ऐकायचं, म्हणजे नाकी नऊ येतात. कामावर असताना शेजारीण आईकडे बघते, म्हणून घारीला कारखाना म्हणजे विश्रांती वाटायची. आमच्या त्या गरम, कान बधिर करणाऱ्या जागेला विश्रांती म्हणणारी सगळ्या जगात ती एकटीच असेल.

त्यात त्या घरात एक जुनी गोष्ट होती. घारीच्या आईने स्वतःच्या सासूचं केलं होतं. सासू अंथरुणाला खिळलेली, हट्टी, कशाचंच समाधान नसलेली. आईने म्हणे तिचं सगळं केलं आणि हूं की चूं केलं नाही. नातेवाईक अजून दाखले देतात. घार तेव्हा शाळेत जायची. आई चमच्याने आजीला पाणी पाजते आहे आणि आईचा चेहरा अगदी शांत आहे, हे तिने डोळ्यांनी बघितलेलं. "तो चेहरा माझ्यासमोरून हलत नाही," ती म्हणायची. "आणि मी बघ कशी आहे." कशी आहेस म्हणून मी कधी विचारलं नाही, कारण दिसतच होतं. दमलेली होती. माणूस इतका दमला की त्याला झोपूनही विश्रांती मिळत नाही, तसली.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. मी म्हटलं, "काय झालं?" तिने माझं मनगट हातात घेतलं आणि दाबलं.

"एवढ्या जोरात," ती म्हणाली.

"सोड, दुखतंय."

"तिलाही दुखलं."

नुकती बदललेली चादर, त्यावर आईने सूपची वाटी ढकलून दिली होती. वर म्हणाली होती, तू नव्हेस, तू जा. "मला वाटलं, मर एकदाची," घार म्हणाली. "असं अगदी स्वच्छ वाटलं, कुणी कानात बोलावं तसं. आणि ते पुरतं वाटायच्या आत माझ्या हाताने तिचं मनगट धरलं होतं. कातडी किती पातळ झाली आहे तिची. काळंनिळं पडलं."

"होतं असं. आपण काय देवमाणसं आहोत?"

"तू तुझ्या सासूवर कधी हात टाकलास?"

"माझी सासू मला टाकू देईल तर ना."

ती हसली नाही. आपला उजवा हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसली. "आज मनगट धरलं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी हा हात मनगटापाशी थांबेल कशावरून?" माझी जीभ तिखट आहे, पण असल्या ठिकाणी ती उपयोगाला येत नाही.

आईच्या डॉक्टरांनी ते निळं मनगट बघितलं असावं. औषधं लिहून झाल्यावर ते घारीला म्हणाले, "तुम्ही स्वतःसाठी काहीतरी करा." डॉक्टरांचं काय, सांगून मोकळे. पण घार आज्ञाधारक. तिच्या घराच्या वाटेवर एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर खोली आहे, तिथे झेन ध्यान शिकवतात अशी पाटी तिने बघून ठेवली होती. शिकवणाऱ्या बाई पूर्वी पोहायला शिकवायच्या. खांदे अजून तसेच रुंद, आवाज मात्र आता हळू. बऱ्याच वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्या परदेशात एका मठात जाऊन राहिल्या होत्या आणि तिथून हे बसणं शिकून आल्या. त्यांची पद्धत अशी की मांडी घालून गादीवर बसायचं, हात मांडीवर एकावर एक, दोन्ही अंगठे टोकाला टेकलेले, डोळे अर्धे उघडे, तोंड पांढऱ्या भिंतीकडे. श्वास मोजायचे. मनात जे येईल ते येऊ द्यायचं, जाईल ते जाऊ द्यायचं, आणि नुसतं बघायचं.

मी म्हटलं, "अख्खा आठवडा पांढऱ्या पडद्यासमोर बसून तुझं पोट भरत नाही का? आता सुट्टीच्या दिवशी पांढरी भिंत?"

"तुला नाही कळायचं."

"आणि आईजवळ कोण बसणार? शेजारीण सुट्टीला लेकीकडे जाते ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तेव्हापासून सुट्टीच्या सकाळी मी बिस्किटांचा पुडा घेऊन तिच्या आईजवळ जाऊन बसते.

मला ते जड गेलं नाही, उलट म्हातारीचं आणि माझं जमलं. ती विचारायची, "ती कधी येणार?" मी म्हणायची, "येईल आता." बस. घार खरोखरच थोड्या वेळाने येणार असायची. आई समाधानाने बिस्कीट चघळायची, मग पुन्हा विचारायची, मी पुन्हा तेच म्हणायची. मी घारीला सांगून बघितलं, "तूही नुसतं येईल म्हण ना. तुझं काय जातं?"

"मी आलेली असताना येईल कसं म्हणू?" ती म्हणाली. "मी समोर आहे. मी तिचं सगळं करते. तिने एकदा तरी मला म्हणावं की तू आलीस." तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

ध्यान मात्र ती जीव लावून करायची. मी विचारलं तर म्हणायची, छान चाललंय. एका सकाळी ती परत आली ती चेहरा पाडूनच. मी आत जाऊन चहा ठेवला. तिने जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस ही बाई भिंतीसमोर बसून काय करत होती, तर विचार तपासत होती. एकेक विचार आला की उजेडासमोर धरायचा. चांगला असेल तर पुढे जाऊ दे. वाईट असेल तर उचलून घसरगुंडीत. त्या दिवशी बसणं संपल्यावर तिने पोहण्याच्या बाईंना अभिमानाने सांगितलं, "आज एकही सुटला नाही."

"काय सुटला नाही?" बाईंनी विचारलं.

"वाईट विचार. सगळे उचलले."

बाईंनी मग सांगितलं की त्यांच्या लक्षात आलं होतं. बसल्यावर घारीचे अंगठे सुटायचे आणि उजवा हात मांडीवरून किंचित वर उठायचा, पुन्हा पुन्हा. त्यांना वाटलं होतं, खांदा दुखत असेल. "इथे तुम्हाला कुणी तपासणीला ठेवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "इथे काही उचलायचं नाही. वाईट आला, येऊ दे. जाऊ दे. तुम्ही फक्त बघा."

"मग इतके दिवस मी बसले ते फुकटच," घार मला म्हणाली आणि चहाला हात न लावता आईची गादी उलटायला गेली. आतून आई विचारत होती, ती कधी येणार.

मग जे झालं, ती चूक आमच्या धंद्यातल्याच माणसाच्या हातून होऊ शकते. काही न उचलता नुसतं बघायचं, हे घारीने इतकं मनावर घेतलं की ते तिच्याबरोबर कामावर आलं. त्या दिवशी ती पट्ट्यावर पहिल्या स्टुलावर होती आणि मी तिच्या पुढे दुसऱ्यावर. मी बघत होते, तिची मान सरळ, खांदे सैल, चेहरा कधी नव्हे तो निवांत. मला बरं वाटलं. वाटलं, बाईचं काहीतरी मार्गी लागलं. तेवढ्यात माझ्यासमोर एक बाटली आली आणि तिच्यात झोका होता, अगदी ठसठशीत, आंधळ्यालाही दिसेल असा. मी ती उचलली आणि पट्टा थांबवायचं बटण दाबलं.

"हा तुला दिसला नाही?"

"दिसला," घार म्हणाली.

"दिसला? मग?"

"जाताना दिसला." आणि आपण काय केलं ते एकदम तिच्या लक्षात आलं. ती स्टुलावरून उठली, पुन्हा बसली. पट्टा थांबला म्हणून सुपरवायझर आला, मी त्याला काहीतरी कारण सांगून वाटेला लावलं. मग मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्याचा गोषवारा असा, की तुझी शांती तुझ्या घरी ठेव, कुणाच्या पोराच्या घशात नको घालूस. ती ऐकून घेत होती. मी गप्प झाल्यावर म्हणाली, "घरी हात उठायला नको तिथे उठतो आणि इथे उठायला हवा तिथे उठत नाही. मी आता कुठे जाऊ?"

मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर." शेजारणीला फोन करून जरा उशीर होईल म्हणून सांगितलं आणि काम सुटल्यावर तिला तशीच घेऊन शिंप्याच्या दुकानावरची माडी चढले. पोहण्याच्या बाई खोली झाडत होत्या. मी भांडायच्याच तयारीने गेले होते आणि भांडले. झोका म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलं, तो पोटात गेल्यावर काय होतं तेही. झाडू हातात धरून त्यांनी सगळं ऐकलं. त्या उपदेश करतील असं मला वाटलं होतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी बघा म्हटलं, पण कुठे बघायचं ते सांगितलं नाही." मग घारीला म्हणाल्या, "बाटली उचलायचीच. ती कुणाच्या तरी तोंडाला लागणार आहे. विचाराचं तसं नाही. तो हातात उतरेपर्यंत कुणाला लागत नाही. तुम्हाला राग येतो तेव्हा तो कुठे येतो?"

घारीने बाही वर केली. "इथे. कोपराच्या खाली. गरम होतं."

"आधी मनात येतं की आधी हात गरम होतो?"

घार विचारात पडली. इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "आधी हात," ती म्हणाली.

"मग भिंतीसमोर बसून तिथे बघा. मी मुलांना पाण्यात उतरवायच्या आधी विचारायची, भीती कुठे वाटते, पोटात की गुडघ्यात? ज्याला सांगता यायचं तो बुडायचा नाही. तुम्ही त्याला वाईट म्हणू नका, चांगलं म्हणू नका. आला, एवढंच म्हणा. आला."

"आणि नाही जमलं तर?"

"तर खोलीच्या बाहेर या आणि दार ओढून घ्या. त्याला ध्यान लागत नाही, दार लागतं."

इथे मला ही बाई पहिल्यांदा आवडली. आता आलाच आहात तर थोडं बसून जा, असं त्यांनी मलाही म्हटलं. मी बसले. समोरच्या भिंतीवर रंगाचा एक ओघळ होता, मी तोच तपासत राहिले आणि नंतर मला झोप लागली. माझं ध्यान एवढंच.

जिना उतरताना घार म्हणाली, "म्हणजे मर एकदाची हे येतच राहणार."

"असं दिसतंय."

"मी रोज फेकते आणि रोज परत येतं."

"आपला चुरा कुठे जातो?" मी म्हटलं. "भट्टीत. आणि उद्या बाटली होऊन पुन्हा पट्ट्यावर. माल तोच, तुला काय वाटलं?" मी चिडूनच बोलले होते. पण ती थांबली, कठडा धरून उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी जराशी हसली. ते हसू आनंदाचं नव्हतं. ओझं तेवढंच आहे, पण निदान त्यात काय आहे ते कळलं, असं काहीतरी होतं.

पुढचे दिवस काही फार बदलले नाहीत. वाचणाऱ्याला वाटेल आता सगळं ठीक झालं असेल. घार सुट्टीच्या सकाळी भिंतीसमोर बसायची आणि उरलेला आठवडा पडद्यासमोर. पट्ट्यावर तिचा हात पुन्हा पहिल्यासारखा उठायला लागला, एकही झोका सुटला नाही. फक्त कधीकधी पॅकिंगला उभी असताना ती पुटपुटायची, "आला." मी खूण करून विचारायची, काय? ती मान हलवायची, काही नाही. घरी एकदोनदा तिला खोलीबाहेर येऊन दार ओढून घ्यावं लागलं. एकदा ती बाहेर बराच वेळ पायरीवर बसून राहिली आणि शेजारणीला वाटलं, आई गेली. भावाचा फोन यायचा, संस्थेचं पुन्हा निघायचं. ती म्हणायची, "माझा हात पुन्हा गेला तर मी स्वतः तिला तिथे नेऊन सोडेन. तू सांगायची वाट बघणार नाही." भावाला यातलं काही कळायचं नाही. तो म्हणायचा, हाताला काय झालं, डॉक्टरांना दाखव.

असं चालू असताना एका सुट्टीच्या सकाळी ती ध्यानाहून परत आली. मी निघायच्या बेतात होते, पण आईचं सूप भरवायचं राहिलं होतं. घारीने वाटी घेतली, पलंगापाशी स्टूल ओढलं आणि बसली. मी पलीकडच्या बाजूला माझी पिशवी आवरत होते.

पहिले काही चमचे नीट गेले. मग आईने तिच्याकडे टक लावून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि वाटीला हात मारला. सूप घारीच्या मांडीवर, आईच्या अंगावर, सकाळीच घातलेल्या चादरीवर. "तू जा," आई म्हणाली. "तू नको. ती कुठे आहे?" आणि हातात सापडलेली घारीची वेणी तिने ओढली, चांगली हिसका देऊन.

घारीचा उजवा हात उठला. मी तो उठताना बघितला. या हाताला एकदा उठल्यावर रिकामा परत येताना मी कधीच बघितलेलं नव्हतं. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी पलंगाला वळसा घालून तिच्या पाठीशी गेले, पण तोवर उशीरच झाला असता.

हात हवेत थांबला. पाचही बोटं पसरलेली होती. घार आईकडे बघत नव्हती, ती आपल्या हाताकडे बघत होती, कोपराच्या खाली. "आला," ती म्हणाली. मला वाटलं तिला रडू फुटेल. ते फुटलं नाही. पुन्हा म्हणाली, "आला." मग हात हळूहळू खाली आला आणि तिच्या ओल्या मांडीवर टेकला. दुसरा हात त्याच्याखाली गेला. अंगठे एकमेकांना लागले. आईने वेणी अजून धरलेलीच होती, त्यामुळे घारीची मान एका बाजूला कलली होती. तशीच ती बसून राहिली.

"ती कधी येणार?" आईने विचारलं.

मी तोंड उघडणार होते. घार माझ्या आधी बोलली.

"येईल."

हा शब्द तिने आईला कधी म्हटला नव्हता. आईने वेणी सोडली. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "येईल ना?" ती म्हणाली. "दमून येते ती. उभ्याउभ्या कामं करते." मग मी खोलीत आहे हे विसरून, किंवा मला मोजतच नसावी, ती घारीकडे झुकली आणि आवाज खाली आणला. "तुला एक सांगते. ती आली की तिला सांगू नकोस."

"काय?"

"मी सासूचं केलं. लोक म्हणतात, फार केलं. हो, केलं. चमच्याने पाणी पाजायची. आणि मनात म्हणायची, मर गं बाई एकदाची." आईने रिकाम्या हाताने हवेतच चमचा धरल्यासारखं केलं. "प्रत्येक चमच्याला म्हणायची. एकदा दंडाला चिमटा काढला. चांगला पिळून काढला. कुणाला कळलं नाही."

घार हलली नाही. तिच्या मांडीवरचं सूप जमिनीवर ठिबकत होतं आणि मला ते पुसायचं सुचत नव्हतं.

"तिला का नको सांगायला?" घारीने विचारलं. आवाज अगदी साधा होता, कामाच्या बाईने विचारावं तसा.

"तिला वाटतं, मी फार चांगली आहे," आई म्हणाली. "वाटू दे. ती चांगली मुलगी आहे. तिच्या मनात असलं काही येत नाही."

घारीने मान खाली घातली. तिचे खांदे हलले, ते हसण्याने की रडण्याने ते मला मागून दिसलं नाही आणि मी पुढे जाऊन बघितलंही नाही. काही गोष्टी बघायच्या नसतात, हे मला कुणी भिंतीसमोर बसवून शिकवलेलं नाही.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

मग आम्ही दोघींनी मिळून चादर बदलली, आईचे कपडे बदलले. घारीने पातेल्यात उरलेलं सूप पुन्हा गरम केलं, वाटीत ओतलं आणि स्टूल ओढून बसली. मी म्हटलं, येते. तिने मान हलवली. मी चप्पल घातली, तरी लगेच निघवलं नाही, दारातच उभी राहिले. आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत होता. आई काही बोलत नव्हती, खात होती. आणि एका चमच्यानंतर दुसरा चमचा जायच्या मधे घारीचा आवाज यायचा, हळू, दमलेला, कुणालाही उद्देशून नसलेला. आला. मग चमचा. आला. मग चमचा.